उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईहून सहकुटुंब फिरायला जाताना पर्यावरणाची हानी कमीत कमी कशी होईल?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: कांदिवलीचे पाच जणांचे कुटुंब, त्यात अकरा आणि सहा वर्षांच्या दोन मुली आणि ६८ वर्षांच्या सासूबाई, हाताशी मे महिन्यातले नऊ दिवस. मनालीची विमानासकटची सहल जवळजवळ ठरली होती, पण मोठ्या मुलीने शाळेतल्या एका प्रकल्पानंतर "विमानाचा धूर किती होतो?" असे विचारले आणि घरात वाद सुरू झाला. लहान मुली आणि वयस्कर माणूस बरोबर असताना पर्यावरण सांभाळून सुट्टी घालवणे खरोखर जमते का, की त्या नुसत्या बोलायच्या गोष्टी आहेत, असे आपण विचारले आहे.

जमते. मी मुलुंडला राहते, पती, मुलगा आणि माझी आई असे आमचेही घर साधारण आपल्यासारखेच आहे, आणि गेल्या सात-आठ सुट्ट्यांत आम्ही यातल्या बहुतेक चुका करून झालेल्या आहेत. पहिल्या वर्षी मी बांबूचे चार दात घासायचे ब्रश आणि सरबत प्यायच्या पोलादी नळ्या मोठ्या हौसेने विकत घेतल्या आणि त्या बॅगेत घालून आम्ही विमानाने गोव्याला गेलो! त्या ब्रशांनी वाचवलेले प्लास्टिक आणि त्या विमानाने जाळलेले इंधन यांची तुलना माझ्या मुलानेच पुढे एकदा जेवताना केली, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. म्हणून आता मी हिशेब वरून खाली करते: आधी किती लांब आणि कशाने जायचे, मग किती ठिकाणी उतरायचे, मग तिथले पाणी, आणि ब्रश अगदी शेवटी.

आपल्या मुलीसाठी आकडे देते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि विमानाचे एक किलो इंधन जळले की सुमारे ३.१६ किलो. इंधनापेक्षा धुराचे वजन जास्त कसे, असे ती विचारीलच, तर इंधनातला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, ते जादा वजन हवेतून आलेले असते. मुंबई ते चंडीगढ अशा दोन-सव्वादोन तासांच्या उड्डाणात, विमान भरलेले असेल असे धरूनही, माणशी एका बाजूचे १०० किलोंच्या आसपास होतात असा माझा ढोबळ हिशेब आहे. पाच माणसांचे जाऊन-येऊन हजार किलो, म्हणजे एक टन झाला, आणि चंडीगढहून मनालीपर्यंतची टॅक्सी अजून धरलेलीच नाही. आता हेच पाच जण स्वतःच्या मोटारीने मालवणला गेले तर जाऊन-येऊन साधारण हजार किलोमीटर होतात, लिटरला १५ किलोमीटर धरले तर ६७ लिटर पेट्रोल, म्हणजे दीडशे किलोंच्या आसपास, तेही सगळ्यांचे मिळून. म्हणजे भरलेली मोटारसुद्धा विमानापेक्षा कितीतरी परवडली. दोघांसाठी सात आसनी गाडी काढणाऱ्यांना मात्र हे वाक्य लागू नाही.

रेल्वेचे सांगायचे तर कोकण रेल्वे १९९८ पासून संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि २०२२ मध्ये तिचे विद्युतीकरण पूर्ण झाले. त्याआधी ती डिझेलवर चाले. आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळशावरच होत असल्यामुळे विजेची गाडी म्हणजे बिनधुराची गाडी असे मी म्हणणार नाही, पण एका इंजिनामागे हजाराहून अधिक माणसे बसलेली असतात आणि रुळांवर चाक फिरवायला डांबरी रस्त्यापेक्षा फारच कमी जोर लागतो, त्यामुळे माणशी वाटा मोटारीपेक्षाही लहान होतो. डबा कोणता घेता यानेही फरक पडतो. नव्या पद्धतीच्या डब्यात साध्या शयनयानात ८० माणसे झोपतात, तृतीय वातानुकूलितमध्ये ७२, द्वितीयमध्ये पन्नासच्या थोडी वर आणि प्रथम वातानुकूलितमध्ये अवघी २४. म्हणजे प्रथम वर्गाचा प्रवासी तेवढ्याच लांबीच्या डब्यात तृतीय वातानुकूलितच्या प्रवाशाच्या तिप्पट जागा अडवतो. मे महिन्यात सासूबाईंना साध्या शयनयानाचा उकाडा सोसवणार नाही, म्हणून तृतीय वातानुकूलित ही माझ्या मते योग्य तडजोड आहे.

खरी अडचण तिकिटांची असते आणि बरेच लोक मोटारीकडे किंवा विमानाकडे वळतात ते त्यामुळेच. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. म्हणजे १० मे रोजी निघायचे असेल तर ११ मार्चला सकाळी आठच्या ठोक्याला बसावे लागते, आणि कोकणातल्या गाड्या त्यानंतर काही मिनिटांतच भरतात. शाळेचे वेळापत्रक कळेपर्यंत थांबलात तर हाती प्रतीक्षायादी येते. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पण ४५ वर्षांवरील स्त्रियांना खालचा बर्थ देण्याची सोय अजून आहे, त्यासाठी अर्ज भरताना वय नीट घालावे. पुढचा प्रवास एसटीने केला तर मार्च २०२३ पासून राज्यात सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, आणि आपल्या घरात त्या चार आहेत. कुडाळला उतरून मालवणला जाणारी एसटी तासाभरात पोहोचवते. स्थानकाबाहेर उभे राहून टॅक्सीवाल्याशी घासाघीस करण्यापेक्षा ते मला सुखाचे वाटते. मुलांना एसटीत खिडकीजवळ बसवावे. काच खाली ओढून ठेवायची खिट्टी सापडेपर्यंत त्यांचा अर्धा रस्ता निघून जातो.

आता पाण्याविषयी, कारण माझ्या मते उन्हाळ्याच्या सुट्टीत सर्वांत जास्त नुकसान इथे होते आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. आपल्याला सुट्टी मिळते ती नेमकी ज्या महिन्यात गावचे पाणी संपत आलेले असते त्या महिन्यात. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी मे महिन्यात वाड्यावाड्यांवर टँकर लागतात, कारण जांभा दगड सच्छिद्र असतो, जमिनीचा उतार तीव्र असतो आणि समुद्र जवळ, त्यामुळे पडलेले पाणी झरझर खाडीला जाऊन मिळते. डोंगरावरही वेगळे काही नाही. २०१८ च्या मे-जूनमध्ये शिमल्यात पाणीटंचाई इतकी वाढली होती की पर्यटकांनी सध्या येऊ नये असे तिथल्या रहिवाशांनीच समाजमाध्यमांवर सांगायला सुरुवात केली.

चार वर्षांपूर्वी आम्ही कोकणातल्या एका किनाऱ्यालगतच्या रिसॉर्टमध्ये उतरलो होतो. त्याच्या जाहिरातीत हिरवे पान होते, खोलीत बांबूचे दिवे, करवंटीचे चमचे, आणि न्हाणीघरात एक देखणे कार्ड: पृथ्वीसाठी टॉवेल रोज धुवायला टाकू नका. बाहेर निळाशार पोहण्याचा तलाव. दुसऱ्या दिवशी पहाटे मी फिरायला म्हणून मागच्या फाटकाने बाहेर पडले तेव्हा तिथे दहा हजार लिटरचा टँकर नळी सोडून उभा होता, आणि नळीच्या जोडावरून गळणाऱ्या धारेखाली दोन बायका पाळीपाळीने कळशी धरत होत्या. चालकाला विचारले तर म्हणाला की शनिवार-रविवारी तीन खेपा होतात, पाणी पलीकडच्या वाडीतल्या विहिरीचे. त्या दोघी त्याच वाडीतल्या होत्या का, हे मी विचारले नाही. मला धीर झाला नाही. मुलगा त्या दिवशी तलावात उतरला, मी त्याला अडवले नाही, पैसे भरलेले होते. हे मला अजून खुपते.

पुढच्या वर्षी आम्ही मालवण तालुक्यातल्या एका वाडीत, एका घरी राहिलो. चिऱ्याचे कौलारू घर, दोन खोल्या पाहुण्यांना दिलेल्या, पंखा होता, वातानुकूलन नव्हते. रात्री एक-दोन वाजेपर्यंत उकडायचे, ते लपवत नाही. विहिरीवर पंप होता, पण मे महिन्यात तो सकाळी पंधरा मिनिटेच लावत, नंतर रहाट. दोराला दोन ठिकाणी चिंध्या बांधलेल्या होत्या. पहिली शिमग्याच्या वेळी पाणी कुठे होते त्याची खूण, दुसरी रामनवमीची, आणि आमची बादली दुसऱ्या चिंधीच्याही वावभर खाली जात होती. माझ्या मुलाला पाणी वाचवण्याचे धडे शाळेत दरवर्षी असतात, पण त्या दोन चिंध्या पाहिल्यावर तो एका बादलीत आंघोळ उरकू लागला, आणि सांगावे लागले नाही. पहिल्याच दिवशी घरच्या मावशी आईला म्हणाल्या, "साबण जरा कमी लावा हां, ह्या पाणी माडाक जाता." न्हाणीचे पाणी खरोखरच पाटाने माडाच्या आळ्यात सोडलेले होते. त्या आठवड्यात आमचा शाम्पू बॅगेतून बाहेर निघाला नाही.

अशी घरे शोधणे आता फारसे अवघड नाही. राज्याच्या पर्यटन खात्याच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदलेली घरे आहेत, आणि राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आल्यापासून शेतावर उतरण्याच्या नोंदणीकृत सोयीही वाढल्या आहेत. नाव, छायाचित्रे आणि तारे यांवर विसंबू नका, फोन करून बोला. मी चारच गोष्टी विचारते: मे महिन्यात पाणी कुठून येते, टँकर लागतो का, स्वयंपाक कोण करते आणि जिन्नस कुठून येतात, आणि कचऱ्याचे काय करता. ज्यांच्याकडे खरोखर व्यवस्था असते ते या प्रश्नांवर भरभरून बोलतात. ज्यांच्याकडे नसते ते म्हणतात, "मॅडम, सगळी सोय आहे." सासूबाईंसाठी शौचालय कोणत्या प्रकारचे आहे आणि खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत, हेही याच फोनमध्ये विचारून घ्यावे.

जेवणाबाबत फारसे सांगण्यासारखे नाही. मे महिन्यात कोकणात फणस, आंबा, कोकम, घावणे, सोलकढी हे सगळे दारचे असते, ते सोडून पनीर मागू नये इतकेच. मात्र आपली सुट्टी लांबून जूनमध्ये गेली, तर १ जून ते ३१ जुलै या काळात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते हे लक्षात ठेवा. त्या दिवसांत ताटात भलामोठा सुरमई आला तर तो बहुधा शीतगृहातला किंवा दुरून आणलेला असणार.

कचरा आम्ही परत आणतो, हे ऐकून नातेवाईक हसतात. पण खेड्यात वेफर्सच्या पाकिटाला दोनच वाटा असतात, एक तर ते परसात जळते, नाही तर पऱ्ह्यात, म्हणजे ओहोळात, पडते आणि पहिल्या पावसाला खाडीत जाते. मुंबईचा कचरा देवनारला किंवा कांजूरमार्गला जातो, म्हणजे तोही स्वर्गात जातो असे नाही (आमच्या मुलुंडला या विषयावर कुणी व्याख्यान देऊ नये, वास आम्ही घेतलेला आहे), पण आमच्या सोसायटीत सुका कचरा वेगळा उचलला तरी जातो. त्याहून बरे म्हणजे मुळात न नेणे. आईकडे तिच्या आईचा पितळी फिरकीचा तांब्या आहे, गाडीत पाणी त्यात असते आणि बाकीचे पाच लिटरच्या जारमध्ये. गाडीतल्या शौचालयात काहीही टाकू नका हेही मुलींना सांगून ठेवा. आता डब्यांखाली जैविक टाक्या आहेत, त्यांतले जिवाणू मैला पचवतात, पण बाटली, लंगोट किंवा गुटख्याची पुडी गेली की नळ तुंबतो आणि उरलेल्या दहा तासांत त्या डब्याचे काय होते हे आपण कधी ना कधी अनुभवलेच असेल.

प्राणी पाहायला जाणार असाल तर थोडी सबुरी लागते. मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे पाहायला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. काजव्याचा प्रकाश हा जोडीदाराला दिलेला संकेत असतो, आणि मोटारीचे दिवे व मोबाइलच्या विजेऱ्या त्या अंधारात पडल्या की तो संकेत पोहोचतच नाही. ज्यांना पाहायला आलो त्यांची वीणच आपण मोडतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायची असतील तर मे उशिराचा ठरतो, मार्च-एप्रिल धरावा, आणि तिथले गावकरी घालून देतील त्या दोरीच्या अलीकडेच उभे राहावे. डॉल्फिन दाखवणाऱ्या होडीत बसताना आम्ही नावाड्याला आधीच सांगतो की पाठलाग करू नकोस, दिसले तर दिसले. एकदा दिसले नाहीत. मुलगा रडला, नावाड्याने मग त्याला सुकाणू धरायला दिले.

नऊ दिवसांत तीन ठिकाणे करायचा मोह होईल, तो आवरावा, कारण प्रत्येक हालचालीबरोबर गाडी, धुतलेल्या चादरी, बाटल्या आणि चिडचिड वाढते. आम्ही त्या वाडीत सहा दिवस होतो. तिसऱ्या दिवशी मुलाने "आता काय करायचे?" असा धोशा लावला, आणि चौथ्या दिवशी तो शेजारच्या पोरांबरोबर रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, गोळा करायला गेला तो दुपारी कोपरापर्यंत लाल होऊन आला. मावशींनी त्याला रातांबे फोडायला बसवले, साली वेगळ्या, बिया आणि रस वेगळा, मग साली त्याच रसात भिजवून खळ्यात वाळत घालायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा भिजवायच्या, पुन्हा वाळवायच्या. आमसूल असे सात-आठ उन्हांनी काळे होते हे मलाही माहीत नव्हते. आपल्या धाकटीला हे आवडेल, मोठीचे सांगता येत नाही, अकराव्या वर्षी मुलांचे मोबाइलशी वेगळे नाते असते.

सुट्टी काही कारणाने तीन दिवसांवर आली तर माथेरान बघा. तिथे मोटारींना बंदी आहे, गाड्या दस्तुरीलाच थांबतात, आणि २००३ पासून तो पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भाग म्हणून जाहीर झालेला आहे. कांदिवलीहून लोकलने नेरळ, तिथून १९०७ पासूनची छोटी गाडी. तिची तिकिटे न मिळाल्यास टॅक्सीने दस्तुरीपर्यंत जाऊन अमन लॉज स्थानकावरून पुढची फेरी पकडता येते. सासूबाईंना हातरिक्षात बसवण्याचा विचार करू नका. माणसाने माणसाला ओढण्याची ती पद्धत सहा महिन्यांत थांबवावी असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेला आहे, आणि तिथे विजेवरच्या रिक्षा आल्या आहेत.

राहता राहिली मनाली. आपण लिहिले आहे की सासूबाईंनी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही आणि त्यांच्या मनात ते आहे. त्यावर टनांचे हिशेब दाखवून त्यांना गप्प करावे असे मी म्हणणार नाही. मग जा, पण एकदाच जा आणि फक्त मनालीलाच जा. पुढच्या वर्षी दोन रजा जोडून बारा-तेरा दिवस काढा, रेल्वेने दिल्ली, दिल्लीहून चंडीगढ, पुढे हिमाचलच्या राज्य परिवहनाची बस, वाटेत एक रात्र मुक्काम. मनालीहून बर्फ पाहायला जातात त्या रोहतांग खिंडीत दिवसाला १,२०० च गाड्यांना परवाने मिळतात, ८०० पेट्रोलच्या आणि ४०० डिझेलच्या, म्हणून टॅक्सीचा परवाना शोधत बसण्यापेक्षा राज्य परिवहनाने २०१७ मध्ये तिथे सुरू केलेल्या विजेवरच्या बसची चौकशी करावी. खिंडीची उंची ३,९७८ मीटर आहे आणि आपण समुद्रकाठची माणसे, तेव्हा आरक्षण करण्याआधी सासूबाईंच्या डॉक्टरांना विचारा, आणि मनालीत पोहोचल्यावर निदान दोन दिवस काहीही न करता बसून काढा.